लीडरअण्णा

गणपती विसर्जन झालं की निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत एक माणूस बेकार होतो. पोटापाण्यानं नव्हे, त्याची पतसंस्थेतली नोकरी चालूच असते. बेकार होते ती त्याची सार्वजनिक बाजू. मांडव उतरलेला, वर्गणीचा हिशेब भांडणासकट मिटलेला, पावतीपुस्तकं ट्रंकेत गेलेली, आणि दिवाळीतले मातीचे किल्ले अजून लांब. अशा मधल्या काळात त्याला गल्लीतली पोरं एकदम नजरेत भरतात. पोरं तीच, कट्टा तोच, मोबाईलही तेच. पण आता त्यांना वळण लागलं पाहिजे, असं त्याला वाटू लागतं. नेमका त्याच आठवड्यात पेपरात चोर्ल्याचा नाहीतर दांडेलीचा हिरवागार फोटो येतो आणि मोहीम ठरते.

म्हणजे मोहिमेची बैठक ठरते. मोहीम ही फार पुढची गोष्ट.

आमच्याकडच्या अशा गृहस्थांना लहानथोर सगळे लीडरअण्णा म्हणतात. मूळचे निपाणीचे, सासुरवाडी बेळगावची, त्यामुळे तवंदी घाटाच्या दोन्ही अंगांना त्यांचा वट सारखाच. वय पन्नाशीला टेकलेलं. तरी ते युवक मंडळात आहेत, कारण मंडळाची घटना त्यांनीच लिहिली आणि वयाच्या रकान्यात नुसती रेघ मारून ठेवली. अंगात बारमाही खिशांचं जाकीट. खिशांत होकायंत्र, शिट्टी, पोटदुखीच्या गोळ्या, सुतळी, दोन पेनं आणि मंडळाचा रबरी शिक्का, शाईच्या डबीसकट. त्या डबीनं जाकिटाच्या डाव्या बाजूला एक जांभळा डाग कायमचा बसवलाय. गर्दीत अण्णांना शोधायचं तर पोरं आधी तो डाग शोधतात.

बोलतात ते मुद्द्यांत. चहाच्या गाड्यावर उभे राहिले तरी, "मुद्दा क्रमांक एक, चार चहा. मुद्दा क्रमांक दोन, एकात साखर नको. मुद्दा क्रमांक तीन, पैसे हा देईल." 'हा' म्हणजे जो सगळ्यात मागं उभा असेल तो.

तरुणपणी अण्णा सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आले होते. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन, पहाटे कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यानं. त्या छावणीनं अण्णा कायमचे बदलले. बदलले म्हणजे, कुदळीची गोडी तिथंच राहिली आणि व्याख्यानाची घरी आली. पुढं कुठल्याशा मासिकात त्यांनी ऑपरेशन रॅलीबद्दल वाचलं. 1984 मध्ये ब्रिटनमधून सुरू झालेली ती तरुणांची मोठी मोहीम. देशोदेशीच्या पोरापोरींना परमुलखातल्या रानावनात न्यायचं आणि तिथं लोकोपयोगी कामाला जुंपायचं. तेव्हापासून अण्णांच्या बोलण्यात बोर्निओ येतं. "तिकडची पोरं बोर्निओच्या जंगलात घाम गाळतात, आणि आमची? कट्ट्यावर बसून रील बघतात!" यावर आतून वहिनींचा आवाज येतो, "बोर्निओचं नंतर बघा वो, आधी गॅसला नंबर लावा."

बैठका मारुतीच्या देवळामागच्या खोलीत होतात. पहिल्या बैठकीत मोहिमेचं नाव ठरतं, दुसऱ्या बैठकीत ते बदलतं. तिसरीत समित्या. शिधा समिती, पाणी समिती, प्रथमोपचार समिती, शिस्त समिती, छायाचित्र समिती, आणि या सगळ्यांत भांडणं होऊ नयेत म्हणून समन्वय समिती. पोरं थोडी आणि समित्या फार, त्यामुळं एकेक पोरगा तीन ठिकाणी. एका वर्षी पाणी समिती आणि शिस्त समिती यांच्यात लेखी वाद झाला. दोन्ही पत्रांखाली सही एकाच पोराची होती. अण्णांनी दोन्ही पत्रांवर शिक्का मारून ती दप्तरी दाखल करून घेतली.

टी-शर्टावर एक आख्खी बैठक गेली. भगवा म्हणावा तर जंगलात भडक रंग नको असं सांगतात, हिरवा म्हणावा तर पोरं हरवली की सापडायची कशी. मग मजकूर. मराठीत छापलं तर वाटेत कोणी अडवील, कन्नडमध्ये छापलं तर घरातच अडवतील. त्यातून 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालेलं. टी-शर्ट हा सरकारी कागद धरायचा की खाजगी, यावर दोन वकिली पोरं हमरीतुमरीवर आली. शेवटी कोरा टी-शर्ट ठरला. छपाईचे पैसे वाचले ते पुढच्या बैठकीच्या भडंगात गेले.

प्रवासखर्चाचा हिशेब ही अण्णांची खास कामगिरी, आणि तो या भागाशिवाय दुसरीकडं कुठं सुचणारही नाही. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट. अण्णांनी लगेच ठराव मांडला, मोहिमेत मुलींचं प्रमाण वाढवावं. स्त्री-सबलीकरण म्हणून टाळ्या पडल्या. खर्चाच्या तक्त्यात मात्र त्याच ओळीसमोर 'बचत' असं लिहिलेलं होतं. मग अडचण आली. निपाणीला लागूनच अर्जुननगर, तिथं देवचंद कॉलेज. मुलं बरीचशी निपाणीची. पण कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आता एकाच बाकावरच्या दोघी मैत्रिणी. निपाणीची आधार कार्ड दाखवून फुकट जाणार, अर्जुननगरची पूर्ण तिकीट काढणार. तिला महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं, आणि आपली मोहीम उलट्या दिशेला. अण्णांनी तीन रंगांच्या पेनांनी तक्ता केला. त्यात एका मुलीचं भाडं ती कुठल्या बसमध्ये, कुठल्या थांब्यावर, कुठल्या राज्याची म्हणून चढते त्यावर बदलत होतं. ती मुलगी म्हणाली, "अण्णा, मी स्कूटीनं येते की."

तारखेचं तर विचारूच नका. अण्णांनी भिंतीवर कालनिर्णय टांगलं आणि लाल पेन घेतलं. जून ते सप्टेंबर पाऊस. खानापूरच्या रानात पाऊस म्हणजे ओढ्यानाल्यांवरची वाट बंद, धबधब्यांवर जायला बंदी, चालू फक्त जळवा. ऑक्टोबरात नवरात्र. पहाटे दुर्गामाता दौड, रात्री दांडिया, दिवसा पोरं झोपलेली. मग दिवाळीचे किल्ले. बेळगावात मातीचा किल्ला हा पोरखेळ नसतो, त्याला आख्खी गल्ली राबते. 1 नोव्हेंबर काळा दिन. पुढं भातकापणी. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन, तेव्हा पोलीस, लॉजच्या खोल्या आणि भाड्याच्या गाड्या सगळं सरकारच्या तैनातीत. जानेवारीत संक्रांत आणि गडकोट मोहीम, मागोमाग सौंदत्तीची यात्रा. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. एप्रिलात जोतिबा, आणि रानात वणवा. मे महिन्यात लग्नं. बाराही महिने खोडून झाल्यावर अण्णा दोन पावलं मागं सरले, लालभडक कॅलेंडरकडं समाधानानं बघितलं आणि म्हणाले, "आता चित्र स्पष्ट झालं."

'संभाव्य धोके' या तक्त्यात चार नोंदी होत्या: साप, अस्वल, माकडताप, सीमाप्रश्न. हसू नका. खानापूरच्या रानात अस्वल खरंच आहे आणि ते माणूस बघून पळत नाही. माकडताप तर याच राज्यातला. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापली, आणि रोगाला त्या जंगलाचंच नाव पडलं. गोचिडीच्या चाव्यातून तो होतो, आणि 2016 पासून आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातही सापडू लागलाय. राहिला सीमाप्रश्न. कुठं कोणी कोणाला काही बोललं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांना काळं फासलं जातं, मग गाड्या हद्दीवर थांबतात आणि निपाणीचा माणूस कागलपर्यंत पोचत नाही. सापावर लस आहे, असं अण्णांनी या नोंदीपुढं कंसात लिहून ठेवलं होतं.

नकाशाच्या बैठकीत अण्णा वेगळेच होतात. सर्व्हे ऑफ इंडियाची 48 आय मालिकेतली पत्रकं त्यांनी कुठून कुठून मिळवलीत. घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्ट्या लावलेली. ती जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवायच्या आणि गुडघ्यावर बसून बोट फिरवायचं. "हे बघ, या रेषा इथं एकमेकीला चिकटल्यात, म्हणजे कडा. इथं लांब गेल्यात, म्हणजे सडा. ही कणकुंबी. इथं मलप्रभा उगवते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. आणि हे इकडं देगाव. इथल्या झऱ्यांची म्हादई होते, गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला जाते. तालुका एक, अंतर हाकेचं, आणि पाणी दोन समुद्रांना." बोलता बोलता बोट भीमगडावर येतं आणि अण्णांचा आवाज खाली येतो. मग वटवाघूळ.

त्या वटवाघळाबद्दल आम्ही सगळे एकमेकांना हसत होतो, पण माहिती पक्की आहे. तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथं सापडलेल्या एका वटवाघळाचं वर्णन ऑल्डफील्ड थॉमस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1913 मध्ये केलं आणि मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉटन याचं नाव त्याला दिलं. भलेमोठे कान, शेपूट पंखाच्या पडद्याबाहेर मोकळं. पुढं कित्येक वर्षं जगात हे वटवाघूळ एवढ्या एका ठिकाणीच आहे असं मानत होते. नंतर कंबोडियात सापडलं, मेघालयातही सापडलं. कंबोडियाचं नाव निघालं की अण्णांचा चेहरा पडतो. ज्याच्या घरातली वस्तू दुसऱ्याकडंही निघते त्या माणसाचा पडेल तसा. "तिकडं नंतर सापडलं," ते ठासून सांगतात, "मूळ आपलं." पाऊण तास हे चालतं, आणि त्या पाऊण तासात एकाही पोराचा हात खिशातल्या मोबाईलकडं जात नाही. लीडर म्हणून अण्णांची थट्टा करावी तेवढी थोडी, पण हा पाऊण तास मी कुठल्याही शाळेत बघितलेला नाही.

आता मोजे.

जळवांवर मीठ, हळद, चुना असे उपाय सगळ्यांना माहीत असतात. पण निपाणीच्या माणसाला तंबाखूसमोर दुसरं औषध सुचत नाही. ओळखीच्या वखारीतून अण्णांनी तंबाखूची भुकटी आणली, पातेल्यात रात्रभर भिजवली, आणि सगळ्यांचे मोजे त्या काढ्यात बुडवून दोरीवर वाळत घातले. पातेलं वहिनींनी गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून दिलं, ते आजतागायत घरात आलेलं नाही. सकाळी तालमीच्या ट्रेकला पोरांनी ते मोजे चढवले. मोजे पुरते वाळलेले नव्हते. तासाभरात पहिला पोरगा बांधावर बसला. "अण्णा, डोकं गरगरालंय." दुसऱ्यानं कडेला जाऊन सकाळचे पोहे परत केले. वखारीत राबणाऱ्या बायकांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं की तंबाखू नुसत्या कातडीतूनही चढतो. अण्णांनी वहीत लिहिलं, 'मात्रा कमी करणे.'

तालमीचा तो ट्रेक येळ्ळूरच्या राजहंसगडाचा होता. गडावर थेट डांबरी रस्ता जातो, वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे. मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात त्याचं दोनदा अनावरण झालं, एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्याकडून. दोन्ही वेळा अण्णा तिथं होते, दुसऱ्या वेळी गर्दीचं नियोजन कुठं चुकलं हे बघायला. ट्रेक म्हणून रस्त्यानं जायचं नाही, असं ठरल्यामुळं आम्ही रस्त्याच्या कडेनं, काट्यांतून चढलो. शेजारून सहकुटुंब मोटारसायकली जात होत्या. एका मोटारसायकलवरच्या आजीबाईंनी आमच्याकडं बघून विचारलं, "नवस हाय काय रं?"

अनुभवी सदस्य म्हणून अण्णांनी ज्या दोन पोरांची निवड केली, त्यांचा अनुभव दूधसागरचा होता. जुलै 2023 मध्ये रुळांवरून धबधब्याकडं निघालेल्या शेकडो ट्रेकर्सना गोव्यात रेल्वे पोलिसांनी अडवलं आणि उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्यात ही दोघं मागच्या रांगेत दिसतात म्हणे. अण्णांनी त्यांना शिस्त समितीत घेतलं.

परवानगीचं प्रकरण सगळ्यात लांबलं, आणि त्यात वनखात्याच्या कचेरीचा दोष शोधून सापडणार नाही. अण्णांचं कन्नड उत्तम आहे. कर्जाचे कागद, उतारे, नोटिसा यांत हयात गेल्यानं ते कन्नड वाचतात, लिहितात आणि कन्नडमध्ये भांडतातही. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, 14 पानी, सुवाच्य. उद्दिष्टं, उपउद्दिष्टं, समित्यांची रचना, बाबा आमटे, बोर्निओ, वटवाघूळ, आणि प्रत्येक पानावर शिक्का. टेबलामागचा माणूस वयस्कर, शांत. त्यानं चष्मा वर करून सगळी पानं वाचली. मग विचारलं, "किती माणसं? कुठली तारीख? कुठं जाणार?"

अर्जात नेमक्या या तीनच गोष्टी नव्हत्या.

"नाळे बर्री," तो हसून म्हणाला. उद्या या. आम्ही बऱ्याच उद्यांना गेलो. दर वेळी अर्जाला एक पान वाढलेलं असे. शेवटी त्या माणसालाच दया आली असावी. तो मराठीत बोलू लागला. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, आत तंबू ठोकून राहायला तुम्हाला कोणी देणार नाही आणि देऊही नये. तुम्हाला श्रमदानच करायचंय ना? मग अभयारण्याच्या बाहेर, खानापूर तालुक्यातच अमुक एक वाडी आहे. पावसाआधी तिथं ओढ्यावर साकव घालतात. तरणी माणसं पोटासाठी गोव्याला गेलेली, हातांची टंचाई. रोहिणी निघायच्या आत जावा.

आमच्या सगळ्या बैठकांनी मिळून जे ठरवलं नव्हतं ते त्यानं एका दमात ठरवून टाकलं. माणसं हवी तेवढी, तारीख रोहिणीआधीची, ठिकाण साकव. अण्णा बाहेर आले तेव्हा थोडे उतरलेले दिसत होते. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले, "पण पद्धतशीर नाही."

नावं दिलेली 43. मे महिन्यातल्या त्या पहाटे बसस्टँडवर आलेले 11. बाकीच्यांच्या मावसबहिणींची लग्नं होती. या भागात मे महिन्यात मावसबहिणी फार. खानापूरपर्यंत बस, पुढं टेम्पो, पुढं पाय. उन्हाळ्याच्या शेवटी ते रान हिरवं कमी आणि वाळलेल्या पाल्यानं तपकिरी जास्त दिसतं. पण जाळ्यांना करवंदं लगडलेली, जांभळांनी वाट निळी झालेली, आणि झाडावरचे फणस पाडायलाही माणूस नाही. पोरांनी पँटा मोज्यांत खोचलेल्या, हातापायांना गोचीड लागू नये म्हणून आरोग्य खात्यातून आणलेलं डेपा तेल. मोजे तंबाखूचेच, मात्रा कमी केलेले. मे महिन्यात जळवा नसतात हे कोणाला बोलायचं धैर्य झालं नाही.

वाडीत पोचल्यावर अण्णांनी शिट्टी मारली. दोन कुत्री आली. मग एक म्हातारा आला, डोक्याला टॉवेल, हातात कोयता. अण्णांनी वही उघडून प्रास्ताविक सुरू केलं. म्हातारा ऐकत होता, पण त्याचे डोळे पोरांच्या दंडांकडं होते. प्रास्ताविक उद्दिष्टांवर आलं तेव्हा त्यानं चार पोरांना नुसतं खुणेनं बाजूला घेतलं आणि बांबू दाखवले. तेवढ्यात काम चालू झालंसुद्धा.

साकव म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. ओढ्याच्या दोन्ही काठांवर मेढी रोवायच्या, त्यांवर दोन लांब ओंडके आडवे टाकायचे, ओंडक्यांवर बांबू अंथरून वेलींनी आवळायचे, आणि एका बाजूला धरायला आडवा बांबू. खिळा नाही. दर वर्षी घालायचा, दर वर्षी पाणी तो नेतं किंवा कुजवतं. ओढ्यात त्या दिवशी घोट्याएवढंही पाणी नव्हतं, आणि साकव मात्र डोक्याच्या वर. एका पोरानं विचारलं, "मामा, एवढा उंच कशाला?" म्हाताऱ्यानं कोयत्याच्या टोकानं वर दाखवलं. साकवाच्याही वरच्या फांदीला वाळकं गवत, काटक्या आणि प्लास्टिकची एक पिशवी अडकलेली होती. गेल्या पावसातलं पाणी तिथवर आलं होतं. साकव नसला की चार महिने वाडी अलीकडं आणि दवाखाना पलीकडं. आजारी माणसाला खाटेवर घालून, पाणी उतरेपर्यंत वाट बघायची. पोरं नंतर बराच वेळ काही बोलली नाहीत, नुसते बांबू वाहत राहिली.

अण्णांनीही एक बांबू उचलला. तो त्यांच्या हातून सुटला, दुसऱ्याच्या पायावर पडला, आणि म्हातारा अतिशय आदरानं म्हणाला, "तुम्ही बसा वो साहेब. च्या घ्या."

अण्णा एका घराच्या ओट्यावर बसले. जाकीट, वही, समोर चहा. थोड्या वेळानं एक म्हातारी आली, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि न बोलता पुढं ठेवले. संध्या सुरक्षा पेन्शनचा अर्ज, नाडकचेरीतून परत आलेला. रेशन कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. बोलणं मराठी, कागद कन्नड, आणि मधे इंग्रजी लिहिणारा कोण कुठला. अण्णांनी चष्मा लावला. कागद वरखाली केले, आणि त्यांचा चेहरा नकाशाच्या बैठकीतला झाला. "हे बघ आजी. मुद्दा क्रमांक एक, हे नाव चुकलेलं नाही, हे कन्नडमधून इंग्रजीत लिहिताना वाकलंय. मुद्दा क्रमांक दोन, त्यासाठी हा वेगळा अर्ज. मुद्दा क्रमांक तीन, तो मी लिहितो."

बातमी घरोघर गेली. बायका आल्या, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार का थांबले ते विचारायला. एक जण वडिलांच्या नावावरच राहिलेला उतारा घेऊन आला. दिवस मावळला. वीज आली, गेली. पोरं साकव संपवून, ओढ्यावर हातपाय धुऊन, पिठलं-भाकरी जेवून आडवी झाली तरी ओट्यावर बॅटरीच्या उजेडात अण्णांचं पेन चालूच होतं. एक संपलं तेव्हा दुसरं काढलं. दोन पेनं का लागतात हे त्या रात्री समजलं. सह्या न येणाऱ्यांचे अंगठे घ्यायचे होते, तेव्हा खिशातून ती शाईची डबी निघाली. मंडळाच्या स्थापनेपासून पहिल्यांदा तिचा कोणाला उपयोग झाला. शिक्का मात्र अण्णांनी सवयीनं दोन अर्जांवर मारला, आणि मग ते दोन अर्ज पुन्हा लिहावे लागले.

दुसऱ्या दिवशी परत निघताना म्हाताऱ्यानं पोरांना फणस दिले आणि अण्णांना विचारलं, "पुढच्या वर्षी कधी येणार?" अण्णा म्हणाले, "बैठकीत ठरवू." म्हातारा म्हणाला, "बैठक नको वो. तुम्ही या." मागं राहिलेल्या दोन कागदांचं काम त्यानंतर अण्णा रजा टाकून खानापूरला जाऊन करून आले. हे आम्हाला वहिनींकडून कळलं, गॅसच्या तक्रारीच्या ओघात.

मोहिमेचा अहवाल 32 पानांचा झाला, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधला. त्यात सहा समित्यांची नावानिशी यादी आहे, तीन रंगांतला भाड्याचा तक्ता आहे, वटवाघळावर चार पानं आहेत, साकवाचा फोटो आहे. तंबाखूच्या मोज्यांपुढं शेरा आहे: 'अत्यंत परिणामकारक. संपूर्ण मोहिमेत एकही जळू आढळली नाही.' ओट्यावर त्या रात्री भरलेल्या अर्जांबद्दल मात्र एक ओळही नाही. विचारलं तर अण्णा म्हणाले, "ते उद्दिष्टांत नव्हतं."